पेलबी लावूनही प्रोटीन पेरिप्लाझममध्ये सापडत नाही: अडलंय कुठे ते आधी बघा

तक्रार बहुतेक वेळा याच वळणाची असते. जीन पीईटी-२२बी या प्लाझमिडमध्ये घातला, पुढे पेलबी सिग्नल (प्रोटीनला पेरिप्लाझमकडे, म्हणजे पेशीच्या दोन मेम्ब्रेनमधल्या फटीकडे, धाडणारा पत्ता) आहे, प्लाझमिड ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) स्ट्रेनमध्ये टाकलं, ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.६ झाल्यावर इंडक्शनसाठी, म्हणजे जीन चालू करायला, १ मिलिमोलर आयपीटीजी दिलं आणि ३७ अंशांवर चार तास फिरवलं. अख्ख्या पेशींच्या लेनमध्ये जाडजूड बँड येतो. मग ऑस्मॉटिक शॉक (बाहेरचं मेम्ब्रेन सैल करून पेरिप्लाझम काढायची पद्धत) केला तर पेरिप्लाझमची लेन कोरडी ठणठणीत. त्यानंतरचा कार्यक्रम ठरलेला: आयपीटीजी कमी, तापमान १८ अंश, स्ट्रेन बदल, पुन्हा आयपीटीजी. एखादे वेळी थोडं प्रोटीन येतं, पुढच्या खेपेला तेही नाही, आणि कशामुळे आलं होतं हे सांगता येत नाही.

या तक्रारीच्या पोटात निदान चार वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. प्रोटीनची साखळी आतल्या मेम्ब्रेनपाशीच अडली असेल तर चुकलेले डायसल्फाइड बंध दुरुस्त करणारं डीएसबी-सी वाढवून काही उपयोग नाही, कारण ते पलीकडे बसलंय. साखळी पलीकडे पोचून तिथे कापली जात असेल, तर जास्त वेळ इंडक्शन म्हणजे तिथल्या डेग-पी या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमला जास्त खाद्य. म्हणून काहीही बदलायच्या आधी एकाच प्रश्नाचं उत्तर काढा: साखळीनं आतलं मेम्ब्रेन ओलांडलं की नाही? हे उत्तर साध्या जेलवर मिळतं, फक्त जेल नीट लावायला हवी.

उदाहरणाला एससीएफव्ही घेऊ, म्हणजे अँटिबॉडीचे दोन बदलते भाग लिंकरनं जोडलेला तुकडा. हिस टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची ओळ) धरून साधारण २८ किलोडाल्टन, चार सिस्टीन, दोन डायसल्फाइड बंध. १९८८मध्ये स्केरा आणि प्लुकथून यांनी अँटिबॉडीचा एफव्ही तुकडा ई. कोलायच्या पेरिप्लाझममध्ये काम करणाऱ्या रूपात बनवून दाखवला. त्यामुळे "बॅक्टेरियात हे होतच नसेल" ही पळवाट बंद आहे.

वाट कशी आहे

ई. कोलायला दोन मेम्ब्रेन. मधल्या फटीला पेरिप्लाझम म्हणतात. राइबोझोमवर साखळी तयार होते तेव्हा सिग्नल पेप्टाइड तिच्या सुरुवातीला असतं: आधी एकदोन धन भार, मग पाण्याला भिणारा लांबट पट्टा, शेवटी सिग्नल पेप्टिडेजला ओळखता येईल असा तुकडा. पेलबी २२ अमिनो आम्लांचं आहे आणि शेवट ॲलानिन-मेथिओनिन-ॲलानिन असा. कापण्याच्या जागेच्या लगेच आधी आणि त्याआधी तिसऱ्या स्थानी लहान अमिनो आम्ल लागतं, हा फॉन हायने यांनी दाखवून दिलेला नियम इथे अगदी चोख बसतो. प्रोटीनच्या अंगावरच पत्ता लिहिलेला असतो या कल्पनेसाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल मिळालं. त्यांचं काम बॅक्टेरियावरचं नव्हतं, पण तत्त्व इथेही तेच लागू पडतं.

पेलबीवाली साखळी सेक मार्गानं जाते. सेक-बी आणि इतर शॅपरोन (मदतनीस प्रोटीनं) तिला सैल ठेवतात, सेक-ए एटीपी जाळत तिला ढकलतं आणि सेक-वायईजीच्या अरुंद मार्गिकेतून ती पलीकडे उतरते. मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरकही ओढायला मदत करतो. मुख्य अट एकच: साखळी घडी न पडलेली असली पाहिजे. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो, गाठ जात नाही.

पलीकडे गेल्यावर सिग्नल पेप्टिडेज सिग्नल कापतं. या एन्झाइमची कापणारी बाजू पेरिप्लाझमकडे असते, आणि पुढचं सगळं निदान या एका गोष्टीवर उभं आहे. सिग्नल कापला गेला असेल तर साखळीची सुरुवात पलीकडे पोचली होती.

पहिली जेल

पेलबी कापलं गेलं की वजन सुमारे २.२ किलोडाल्टननं घटतं. आपल्या एससीएफव्हीचं न कापलेलं रूप ३० आणि कापलेलं २८. नेहमीच्या १२ टक्क्यांच्या मिनी जेलवर, डाय बाहेर पडायच्या आत बंद केली तर हे दोन बँड एकमेकांना चिकटून दिसतात आणि माणूस "बँड आहे" म्हणून मोकळा होतो. १५ टक्क्यांची जेल घ्या, संथ चालवा, आणि २५ किलोडाल्टनचा मार्कर खालच्या तिसऱ्या भागात येईपर्यंत थांबा. वेस्टर्न (अँटिबॉडीनं बँड ओळखणं) करणार असाल तर हिस टॅग मागच्या टोकाला हवा. मग दोन्ही रूपं एकाच अँटिबॉडीला दिसतात.

मार्करच्या भरवशावर ३० आणि २८ ओळखू नका. एससीएफव्ही जेलवर नेमक्या वजनाला धावेलच असं नाही. त्यापेक्षा तोच जीन पेलबीशिवाय बनवा आणि त्याची लेन शेजारी ठेवा. कापलेल्या रूपाचा बँड त्याच्या रेषेत यायला हवा. पीईटी-२२बीमध्ये हे सोपं आहे: एनडीई-वन साइट (डीएनए कापून जीन घालायची जागा) पेलबीच्या आधी आहे आणि एनसीओ-वन पेलबीच्या शेवटी. एनडीई-वनमध्ये क्लोन केलं की पेलबी गळून पडतं.

(आता यातली गंमत बघा. "पेरिप्लाझममध्ये येत नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी काहींचं क्लोनिंग मुळातच एनडीई-वनमध्ये झालेलं असतं. वेक्टरच्या नकाशावर पेलबी ठळक छापलेलं दिसतं, म्हणून ते आपल्या प्रोटीनला लागलंच असं गृहीत धरलं जातं. सिक्वेन्सिंगची फाइल उघडा आणि टी७ प्रमोटरपासून (जीन जिथून वाचायला सुरुवात होते तिथून) भाषांतर वाचत या. पाच मिनिटांचं काम आहे.)

नमुने हे घ्या: इंडक्शनच्या आधीचा, ३० मिनिटांनंतरचा, मग एकेक तासानं. शेवटच्या वेळेला पेशी आणि माध्यम वेगळे करा. माध्यमातलं प्रोटीन १० टक्के टीसीए या आम्लानं खाली बसवून लावा. पेशींचे तीन भाग: शॉकमधून निघालेलं पेरिप्लाझम, उरलेल्या पेशी फोडून मिळालेला विरघळणारा भाग, आणि खाली बसणारा. सगळ्या लेनमध्ये सारख्याच ओडीच्या पेशींइतका माल चढवा. सारखे मायक्रोलिटर चढवणं इथे साफ फसवतं, कारण शॉकचा द्रव पातळ असतो. पेशींचा पेलेट ५० मायक्रोलिटरमध्ये उकळलेला आणि पेरिप्लाझम दहा मिलिलिटरमध्ये पसरलेलं असेल, तर पेरिप्लाझमची लेन कोरडी दिसणारच.

शॉक खरंच लागला का?

न्यू आणि हेपेल यांनी १९६५मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच वापरतात. पेशी २० टक्के सुक्रोज, ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ८ आणि १ मिलिमोलर ईडीटीएमध्ये दहा मिनिटं ठेवायच्या, फिरवायच्या, द्रव पूर्ण काढायचा आणि पेलेट बर्फगार ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये झटक्यात मोकळा करायचा. दहा मिनिटं बर्फात, पुन्हा फिरवायचं, वरचा द्रव म्हणजे पेरिप्लाझम. "झटक्यात" हा शब्द मनावर घ्या. पेलेट गोळा होऊन राहिला तर आतल्या पेशींना शॉक लागतच नाही. सुक्रोजचा द्रवही फेकू नका, काही प्रोटीन तिथेच निसटून येतात.

पेशी ताज्या हव्यात. शुक्रवारी पेलेट उणे ८०ला टाकून सोमवारी शॉक केला, तर वितळताना आतलं मेम्ब्रेनही फाटलेलं असतं आणि "पेरिप्लाझम" म्हणून तुम्ही सायटोप्लाझम मोजत बसता. पीलायएसएस (लायसोझाइम बनवणारं जास्तीचं प्लाझमिड) असलेल्या स्ट्रेनमध्ये तर गोठवून वितळवणं हीच पेशी फोडायची पद्धत आहे.

भाग खरोखर वेगळे झालेत का हे दाखवायला दोन साक्षीदार लागतात. पहिला तुमच्या प्लाझमिडमध्येच बसलाय. पीईटी-२२बी ॲम्पिसिलिनवर वाढतं ते बीटा-लॅक्टामेजमुळे आणि बीटा-लॅक्टामेज स्वतः सेक मार्गानं पेरिप्लाझममध्ये जाणारं प्रोटीन आहे. नायट्रोसेफिन टाका: पिवळं लाल झालं की एन्झाइम तिथे आहे. दुसरा साक्षीदार बीटा-गॅलॅक्टोसिडेज. बीएल२१ लॅक पॉझिटिव्ह आहे (लॅक्टोज पचवणारे जीन शाबूत), आयपीटीजी दिल्यावर ते भरपूर बनतं आणि ते सायटोप्लाझममध्ये राहायला हवं. ओएनपीजीनं मोजा, त्याला हे एन्झाइम पिवळं करतं. पेरिप्लाझमच्या भागात पिवळा रंग चढायला लागला तर आतलं मेम्ब्रेन फुटलंय, त्या दिवसाची जेल वाचू नका.

बीटा-लॅक्टामेजचा आणखी एक उपयोग आहे. इंडक्शननंतर त्याचंही न कापलेलं रूप साठू लागलं, तर तुमच्या एससीएफव्हीनं सगळ्यांचीच वाट अडवली आहे. न कापलेलं रूप ३१.५ किलोडाल्टनच्या आसपास आणि कापलेलं २९ असतं. आपल्या ३० आणि २८ला हे फारच खेटून आहे, त्यामुळे कुमासी (सगळीच प्रोटीनं रंगवणाऱ्या) जेलवर एकावर एक चढतात. ओळखायला वेस्टर्न करा, किंवा कॅनामायसिनवालं पीईटी-२६बी घेऊन तो गुंता मिटवा. मात्र मग नायट्रोसेफिनचा साक्षीदार जातो.

आता काही जणांना इथेच उत्तर मिळेल: प्रोटीन माध्यमात आहे. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेल्या कल्चरमध्ये बाहेरचं मेम्ब्रेन गळतं आणि पेरिप्लाझमचा माल माध्यमात जातो. ही तक्रार नाही, हा फायदा आहे. माध्यमातूनच गोळा करा.

आणखी एक फसवणूक कॉलमवर होते. शॉकचा द्रव थेट हिस टॅग धरणाऱ्या निकेल कॉलमवर चढवला आणि प्रोटीन तसंच वाहून गेलं. निकेलचा निळा रंगही फिका पडून कॉलम पांढरा दिसतोय. सुक्रोजच्या द्रवात धातू पकडून ठेवणारं ईडीटीए आहे, त्यानं निकेल उचलून नेलं. "थोडं मॅग्नेशियम घाला म्हणजे ईडीटीए गुंतून जाईल" असा सल्ला सर्रास दिला जातो. पण ईडीटीए निकेलला मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, त्यामुळे हा उपाय अर्धामुर्धाच. द्रव डायलाइझ करा किंवा डिसॉल्टिंग कॉलममधून काढा, मगच निकेलवर चढवा.

न कापलेलं रूप साठतंय

जेलवर वरचा, ३०चा बँड जाड आहे. तो बहुतेक खाली बसणाऱ्या भागात सापडेल. म्हणजे साखळी मेम्ब्रेनच्या अलीकडेच आहे. आता ३० मिनिटांच्या लेनकडे बघा, कारण उपाय तिथून फुटतो.

३० मिनिटांना खालचा बँड स्वच्छ दिसत असेल आणि वरचा पुढच्या तासांत वाढत गेला असेल, तर साखळीला जाता येतंय पण गर्दी झाली आहे. तुमचा जीन वाचणारं टी७ पॉलिमरेज पेशीच्या स्वतःच्या पॉलिमरेजच्या कितीतरी पट वेगानं आरएनए काढतं. सेक-वायईजीच्या मार्गिका त्या मानानं मोजक्याच, आणि पेशीला त्यांतून स्वतःची शेकडो प्रोटीनं न्यायची असतात. इंडक्शननंतर ओडी वाढायचाच थांबतो तो बरेचदा यामुळे. वाट तुंबवली की पेशीचं काय होतं हे १९७०च्या दशकात बेकविथ आणि सिल्हावी यांच्या कामातून दिसलं होतं: माल्टोज बांधणाऱ्या, पेरिप्लाझममध्ये जाणाऱ्या प्रोटीनच्या शेपटीला बीटा-गॅलॅक्टोसिडेज जोडलं, तर माल्टोज देताच पेशी आजारी पडायच्या. साखळीचं पुढचं टोक मार्गिकेत आणि मागचा अवजड भाग बाहेर अडकलेला.

गर्दीवर उपाय म्हणजे कमी बनवणं. ऐकायला उलटं वाटतं, पण पेरिप्लाझममध्ये कमी इंडक्शननं जास्त माल मिळतो हा नेहमीचा अनुभव आहे. आयपीटीजी १ मिलिमोलरवरून ०.०२ ते ०.१वर आणा, तापमान २५ ते ३०. सुरुवातीच्या माध्यमात अर्धा ते एक टक्का ग्लुकोज घाला, म्हणजे आयपीटीजी द्यायच्या आधीच जीन थोडाथोडा चालू होणार नाही. एवढ्यानं भागलं नाही तर लेमो२१(डीई३) घ्या. त्यात टी७ पॉलिमरेजला लगाम घालणारं लायसोझाइम रॅमनोजनं वाढवता येतं: रॅमनोज जितकं जास्त तितकं तुमचं प्रोटीन कमी. शून्यापासून २ मिलिमोलरपर्यंत पाचसहा नळ्या लावा आणि एकाच जेलवर वरचा-खालचा बँड बघा. ज्या नळीत वरचा बँड नाहीसा होतो, ती तुमची. साध्या बीएल२१मध्ये आयपीटीजी बदलून इतकी बारीक पकड मिळत नाही, कारण तिथे लॅक्टोज परमिएजमुळे (आयपीटीजी आत ओढणारं प्रोटीन) काही पेशी पूर्ण पेटतात आणि काही जवळजवळ तशाच राहतात.

तापमानाबद्दल एक देशी सूचना. शेकरला थंड करायची सोय नसेल तर डिस्प्लेवर २५ लिहिल्यानं आत २५ होत नाही. पुण्या-नागपुराकडच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४-३५ अंशांवर असते, वर मोटरची उष्णता. फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून बघा. "डिसेंबरात आलं, मेमध्ये येत नाही" या कोड्याचा उलगडा इथेच होतो.

३० मिनिटांनाही खालचा बँड अजिबात नसेल तर मात्र गर्दीला दोष देऊ नका. साखळीला जाताच येत नाहीये. आधी जुळणी तपासा. माणसाचा जीन घेताना त्याचं स्वतःचं सिग्नल पेप्टाइड तसंच राहिलंय का? पेलबीच्या मागे दुसरं सिग्नल असलं की सगळा गोंधळ. कापण्याच्या जागेनंतर पहिलंच अमिनो आम्ल प्रोलिन आहे का? असेल तर सिग्नल पेप्टिडेज कापत नाही. सुरुवातीच्या वीसेक अमिनो आम्लांत लायसिन-आर्जिनिनची दाटी आहे का? धन भाराला आतल्याच बाजूला राहणं पसंत असतं, तो पार होताना अडखळतो. पेलबीसकट पहिली ७० अमिनो आम्लं सिग्नल-पी या सॉफ्टवेअरला घाला, कापण्याची जागा कुठे आणि किती खात्रीनं सांगतंय ते बघा. अडचण निघाली तर मध्ये दोन-चार निरुपद्रवी अमिनो आम्लं घालून पाहता येतं.

प्रोलिनच्या प्रकारात एक अपवाद लक्षात ठेवा: साखळी पलीकडे गेलेली असते पण सिग्नल न कापता मेम्ब्रेनलाच लटकून राहते. म्हणजे बँड वरचा, तरी अडथळा ओलांडलेला. शंका असेल तर लायसोझाइम-ईडीटीएनं बाहेरचा पडदा मोकळा करून स्फेरोप्लास्ट बनवा आणि प्रोटीन खाणारं प्रोटिनेज-के द्या. बाहेर लटकलेलं खाल्लं जाईल, आतलं वाचेल. अर्थात आतलं एखादं ओळखीचं प्रोटीन वाचलंय हेही त्याच जेलवर दाखवायला हवं. आणि एकदा नुसत्या प्रोटीनवर प्रोटिनेज-के चालवून बघा, काही प्रोटीन त्यालाही सहज दाद देत नाहीत.

जुळणी ठीक असेल तर उरतो सगळ्यात चिवट प्रकार: साखळी आतच घडी घालून मोकळी होते. सेक-बी मार्गानं जाणारी साखळी बरीचशी पूर्ण झाल्यावर मेम्ब्रेनकडे येते. थायोरेडॉक्सिनसारखं चटकन घडी पडणारं प्रोटीन तोवर तयार होऊन बसतं आणि नेढ्यातून जायचं नाव घेत नाही. इथे सिग्नल बदला. डीएसबी-एचं सिग्नल एसआरपी मार्ग धरतं, म्हणजे साखळी राइबोझोमवर असतानाच मेम्ब्रेनपाशी नेली जाते आणि घडी पडायला सवड मिळत नाही. थायोरेडॉक्सिनला बाहेर काढायला बेकविथ यांच्या प्रयोगशाळेत हीच युक्ती चालली. फाज डिस्प्लेमध्ये (विषाणूच्या अंगावर प्रोटीन मांडण्याची पद्धत) डार्पिन या कृत्रिम बांधणाऱ्या प्रोटीनसाठीही पुढे तीच वापरली गेली. एससीएफव्ही सहसा इतकं चपळ नसतं, पण नॅनोबॉडी (उंटवर्गीय प्राण्यांच्या अँटिबॉडीचा छोटा तुकडा) आणि कृत्रिम छोट्या घडणींच्या बाबतीत डीएसबी-एचं सिग्नल लावलेलं रूप पहिल्या दिवसापासून सोबत ठेवावं, असं माझं मत आहे. पेलबी केवळ वेक्टरमध्ये तयार मिळतं म्हणून वापरलं जातं.

शफल स्ट्रेनबद्दल इथेच बोलून घेतो, कारण हा सल्ला हमखास मिळतो: "डायसल्फाइड आहेत ना, मग शफल घ्या." शफलमध्ये सायटोप्लाझमच ऑक्सिडायझिंग केलेला असतो आणि डीएसबी-सी तिथेच ठेवलेलं असतं. पेलबीशिवाय, आतल्या आत बनवायचं असेल तर उत्तम. पेलबी लावून त्यात टाकलंत तर साखळी मेम्ब्रेनला पोचायच्या आधीच तिच्यात बंध पडू शकतात, आणि बंध पडलेली साखळी सेकमधून जात नाही. दोन चांगल्या गोष्टी एकत्र करून वाट बंद करण्याचा हा प्रकार.

घडी आतच पडणं अटळ असेल, उदाहरणार्थ आत को-फॅक्टर बसवावा लागत असेल, तर टॅट मार्ग आहे. तो घडी पडलेलं प्रोटीनच नेतो आणि त्याच्या सिग्नलमध्ये दोन आर्जिनिन शेजारी-शेजारी असतात. साधं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) सेकनं बाहेर काढलं तर चमकत नाही, टॅटनं काढलं तर चमकतं. मात्र टॅटची क्षमता तुटपुंजी आहे. मोठ्या उत्पादनाची आशा धरून तिकडे जाऊ नका.

वरचा बँड नक्की न कापलेलंच रूप आहे का, याचा एक जलद पुरावा सोडियम अझाइड. ते सेक-एला थोपवतं. इंडक्शनबरोबर २ ते ३ मिलिमोलर दिलं की खालचा बँड कमी होऊन वरचा वाढतो. दिलं तरी काहीच फरक पडला नाही तर तुमचं ते दोन बँडांचं चित्र सिग्नलचं नव्हतंच. अझाइड जहाल विषारी आहे. आम्लात मिसळू नका आणि धातूच्या पाइपाच्या सिंकमध्ये ओतू नका.

सिग्नल कापलाय, पण प्रोटीन खाली बसतंय

२८चा बँड आहे, पण न विरघळणाऱ्या भागात. काम निम्मं झालंय: साखळी पलीकडे पोचली आणि तिथे घडी बिघडून गोळा झाली. बीटा-लॅक्टामेजसारखं पेरिप्लाझमचं घरचं प्रोटीनही अति बनवलं की तिथे गोळे धरतं.

पेरिप्लाझममध्ये एटीपी नाही, त्यामुळे जीआरओ-ईएलसारखी एटीपीवर चालणारी मदतनीस यंत्रं तिथे नाहीत. आहेत ते सिस्टीनचे बंध सांभाळणारे डीएसबी-ए आणि डीएसबी-सी, आणि घडीला मदत करणारे सुर-ए, एसकेपी, एफकेपी-ए. डीएसबी-ए समोर येतील त्या सिस्टीनना जोडून टाकतं आणि स्वतःचे इलेक्ट्रॉन डीएसबी-बीकडे, तिथून क्विनोनकडे आणि शेवटी ऑक्सिजनकडे सोपवतं. १९९१मध्ये बार्डवेल आणि बेकविथ यांच्या गटानं ते शोधलं तोवर हे बंध आपोआप पडतात असाच समज होता. साखळीत ओळीनं येणाऱ्या सिस्टीनच्या जोड्या असतील तर डीएसबी-ए पुरतं. आपल्या एससीएफव्हीत तसंच आहे. जोड्या एकमेकांना ओलांडून जात असतील तर चुकीचे बंध सोडवून पुन्हा बांधायला डीएसबी-सी लागतं, आणि ते पेशीत थोडंच असतं.

म्हणून पुढची जेल दोनदा लावा, एकदा रिड्यूसिंग, म्हणजे डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी घालून, आणि एकदा डीटीटी न घालता. नमुना काढतानाच मोकळे सिस्टीन झाकणारं एन-इथाइलमॅलेइमाइड द्या, नाहीतर उकळताना मोकळे सिस्टीन नवे बंध जोडतात आणि जेल खोटं सांगते. दोन्ही जेलमध्ये रिकाम्या लेन सोडा, डीटीटी शेजारच्या लेनमध्ये पसरतं. बरोबर बंध पडलेलं एससीएफव्ही डीटीटीशिवाय किंचित पुढे धावतं. वर उंच शिडीसारखे बँड दिसले तर साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्यात: डीएसबी-सी सोबत बनवा, त्याच्या स्वतःच्या सिग्नलसकट. शिडी नाही, तरी बसतंय, तर अडचण प्रोलिनच्या वळणांत किंवा चिकटपणात असू शकते. तिथे एफकेपी-ए किंवा एसकेपीनं फरक पडतो, आणि एससीएफव्हीच्या बाबतीत माझी पहिली पसंती यांनाच. माध्यमात सुक्रोज घालूनही गोळे कमी होतात. बाहेरचं मेम्ब्रेन लहान रेणूंना अडवत नाही, त्यामुळे माध्यमात घातलेलं थेट घडी पडण्याच्या जागी पोचतं. आतल्या प्रोटीनला ही सोय कधीच मिळत नाही. मात्र हीच वाट डीटीटीलाही मोकळी आहे. शुद्धीकरणाच्या बफरमध्ये सवयीनं डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल पडत असेल, तर ज्यासाठी पेरिप्लाझम निवडलं ते बंध तुम्हीच तोडताय.

सुरुवातीला दिसतं, मग नाहीसं होतं

एका तासाला २८चा बँड, तीन तासांना फिका, खाली १५-१८ला तुकडे. हे डेग-पीचं काम असू शकतं. बीएल२१मध्ये लोन आणि ओम्प-टी ही प्रोटिएज (प्रोटीन कापणारी एन्झाइमं) नाहीत म्हणून "प्रोटिएज नसलेला स्ट्रेन" असं त्याचं नाव झालंय, पण लोन सायटोप्लाझममधलं आणि ओम्प-टी बाहेरच्या मेम्ब्रेनवरचं. पेरिप्लाझममधलं डेग-पी तसंच आहे, पीआरसी हे दुसरं प्रोटिएजही आहे. घडी न पडलेल्या साखळ्या साठल्या की पेशी सिग्मा-ई आणि सीपीएक्स या दोन इशाऱ्यांवर डेग-पी आणखी बनवते. कमी तापमानाला डेग-पी मदतनीसासारखं वागतं आणि तापमान वाढलं की कात्री चालवतं, त्यामुळे २५ अंशांचा फायदा इथे दुप्पट होतो. लवकर काढणी करा. डेग-पी नसलेले स्ट्रेन मिळतात, पण ते गरम सहन करत नाहीत आणि त्यांची बाहेरची भिंतही नाजूक असते. घडीची अडचण सोडवली की तुकडे बहुधा आपोआप थांबतात, म्हणून स्ट्रेन बदलणं मी शेवटी करीन.

कधी सोडून द्यावं

पेरिप्लाझममधून औषधं बाजारात आली आहेत. डोळ्यांत देतात ते रॅनिबिझुमॅब हा ई. कोलायमध्ये बनवलेला फॅब तुकडा (अँटिबॉडीचा एक हात) आहे आणि अमेरिकेत त्याला २००६मध्ये मंजुरी मिळाली. वाढीच्या हार्मोनसारख्या प्रोटीनसाठी तर पेरिप्लाझमचा आणखी फायदा असतो: सिग्नल कापला गेल्यावर पुढे फालतू मेथिओनिन उरत नाही. (पीईटी-२२बीत एनसीओ-वन वापरलं तर तो फायदा हातचा जातो, कारण त्या साइटचा मेथिओनिन कापल्यानंतरही पहिलाच राहतो. नेमकी सुरुवात हवी असेल तर एमएससी-वन साइट वापरा किंवा सिग्नलसकट जीनच बनवून घ्या.)

पण प्रोटीनला साखरेच्या साखळ्या लागत असतील तर इथे थांबूच नका, सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या) पेशींकडे जा. न कापलेलं रूप लेमो२१मध्ये सगळ्या रॅमनोजवर आणि डीएसबी-ए सिग्नल लावूनही तसंच राहत असेल, तर पेलबी काढून सायटोप्लाझममध्ये बनवा: बंध असतील तर शफलमध्ये, नाहीतर इन्क्लुजन बॉडी (न विरघळणारे प्रोटीनचे गोळे) गोळा करून रिफोल्डिंग, म्हणजे पुन्हा घडी घालणं. बॅसिलसचा पर्याय एन्झाइम कारखान्यांत रुळलेला आहे. तिथे बाहेरचं मेम्ब्रेन नसल्यानं माल थेट माध्यमात पडतो, पण प्रोटिएजही तिथेच वाट बघत असतात. म्हणून आठ प्रोटिएज काढून टाकलेला डब्ल्यूबी८०० घ्या आणि घडीसाठी तिथलं मदतनीस प्रोटीन पीआरएस-ए वाढवा. अँटिबॉडीच्या तुकड्यांसाठी मात्र ई. कोलायमध्ये वरच्या जेल लावून झाल्याशिवाय मी तिकडे वळणार नाही.

कुणाला विचारायला जाणार असाल तर ३० मिनिटं आणि शेवट या दोन्ही वेळांची १५ टक्के जेल, पेलबीशिवायच्या रूपाची लेन शेजारी लावून, आणि फ्लास्कच्या आतलं खरं तापमान एवढं सोबत न्या.